स्वप्नातील गुरू : तुकाराम आणि बहिणाबाई यांच्या आत्मपर अभंगांतील अदृश्य मार्गदर्शकाचे स्वरूप

प्रस्तावना

मराठी संतसाहित्यात गुरूचे माहात्म्य सर्वत्र गायिलेले आहे. मात्र बहुतेक संतांचे गुरू देहधारी आणि परिचित होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्ञानदेवांना थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच गुरू म्हणून लाभले. नामदेवांना विसोबा खेचर भेटले. एकनाथांनी देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सान्निध्यात राहून सेवा केली. या तिन्ही ठिकाणी गुरू आणि शिष्य यांच्यात प्रत्यक्ष सहवास आहे, संवाद आहे, काही काळ चाललेले शिक्षण आहे. सतराव्या शतकातील तुकाराम आणि बहिणाबाई यांच्या बाबतीत मात्र चित्र बदलते. तुकोबांना बाबाजी नावाच्या गुरूंचा उपदेश स्वप्नात झाला. नामदेवही त्यांना स्वप्नातच भेटले. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नात, आणि तोपर्यंत त्यांनी तुकोबांना पाहिलेले नव्हते.

अशा अदृश्य मार्गदर्शकाकडे अभ्यासकांनी आणि भाविकांनी साधारणपणे दोन दृष्टींनी पाहिले आहे. भाविकांच्या दृष्टीने तो चमत्कार आहे व त्याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. दुसऱ्या दृष्टीने ती मनाची निर्मिती आहे आणि म्हणून गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. या दोन्ही दृष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हीही अभंगाचा पाठ बारकाईने वाचत नाहीत. तुकोबा आणि बहिणाबाई यांनी आपल्या स्वप्नाविषयी नेमके काय सांगितले आहे, कोणत्या क्रमाने सांगितले आहे आणि काय सांगायचे टाळले आहे, हे पाहिल्यास अदृश्य मार्गदर्शकाविषयीची त्यांची स्वतःची एक स्पष्ट भूमिका हाती लागते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या निबंधातील बहिणाबाई म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) होत. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याशी त्यांची गल्लत होऊ नये.

‘दृष्टांत’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठी भाषेत देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन काही सांगणे याला ‘दृष्टांत होणे’ असे म्हणतात. गावोगावच्या देवस्थानांच्या स्थापनेच्या कथांमध्ये हा शब्द हमखास येतो. कोणाला तरी दृष्टांत होतो, तो सांगितलेल्या जागी खणतो आणि तेथे मूर्ती सापडते. याच शब्दाचा दुसरा अर्थ उदाहरण असा आहे. अलंकारशास्त्रात दृष्टांत हा एक अलंकार आहे. महानुभाव संप्रदायात तर केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ हा स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. त्यातील ११४ दृष्टांतांची रचना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची आहे. आधी तत्त्व येते, मग गोष्ट येते आणि शेवटी त्या गोष्टीचा मूळ तत्त्वाशी लावलेला अन्वय येतो. दार्ष्टांतिकावाचून दृष्टांत म्हणजे नुसती गोष्ट.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांवर प्रकाश टाकतात. स्वप्नात झालेला दृष्टांतही स्वतःपुरता अपुरा असतो. त्याचा अर्थ लावणारे दार्ष्टांतिक स्वप्नाबाहेर, जागेपणीच्या आयुष्यात शोधावे लागते. देवस्थानाच्या कथेत हे काम जमिनीतून निघालेली मूर्ती करते. दृष्टांत खरा होता याचा पुरावा म्हणून ती पुढे येते. तुकोबांच्या व बहिणाबाईंच्या अभंगांत असा कोणताही दृश्य पुरावा स्वप्नाच्या पाठोपाठ निघत नाही. मग तेथे दार्ष्टांतिकाचे काम कोण करते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तुकोबांचे दोन स्वप्नप्रसंग

शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादनाखाली १८६९ ते १८७३ या काळात सरकारी साहाय्याने तुकोबांची गाथा मुद्रित झाली. तेव्हापासून तिच्यातील आत्मपर अभंग अभ्यासकांना सहज उपलब्ध आहेत. गुरूपदेशाचा अभंग त्यांतील सर्वपरिचित होय. या अभंगात तुकोबा सांगतात की सद्गुरूंनी माझ्यावर कृपा केली, परंतु माझ्या हातून त्यांची काहीच सेवा घडली नाही. स्नानाला जाताना वाटेत त्यांनी गाठले, मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि त्याचा स्वप्नात विसर पडला. काही अंतराय निर्माण झाला असावा व म्हणूनच त्यांनी जाण्याची घाई केली असावी, असा तर्क तुकोबा करतात. गुरूंनी राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, बाबाजी हे आपले नाव सांगितले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. हा दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार होता.

या वर्णनात दोन प्रकारचे तपशील शेजारीशेजारी आहेत. तिथी, वार, परंपरा, नाव, मंत्र हे तपशील एखाद्या दस्तऐवजासारखे निश्चित आहेत. शक मात्र सांगितलेला नाही, आणि त्यामुळेच या तिथीच्या वर्षाविषयी अभ्यासकांनी गणिते मांडली. दुसऱ्या बाजूला पावशेर तुपाचा तपशील आहे. तो प्रसंगाच्या गांभीर्याला शोभणारा नाही. एखाद्या रचनाकाराने अनुग्रहाची कथा कल्पनेने उभी केली असती, तर त्यात शिष्याचे विस्मरण आणि गुरूची अपुरी राहिलेली मागणी त्याने घातली नसती. शिवाय पावशेर हे माप दुकानातले आहे. वाण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाच्या स्वप्नात गुरूची मागणीही मापानेच यावी, हे स्वाभाविक वाटते.

या विस्मरणाचा परिणाम काय झाला, हे तुकोबा निश्चयाने सांगत नाहीत. घाईचे कारण ते अंदाजाने सांगतात. अनुग्रहासारख्या प्रसंगाच्या मध्यभागी कवी आपले अज्ञान तसेच ठेवतो, ही बाब समीक्षकाने नोंदविलीच पाहिजे. आपल्याला झालेल्या दर्शनाचा संपूर्ण अर्थ आपल्या हाती आहे, असा दावा येथे नाही.

यालाच जोडून येणाऱ्या दुसऱ्या अभंगात तुकोबा म्हणतात की गुरूंनी माझ्या मनातील भाव ओळखून मला आवडणारा सोपा मंत्र दिला. गुरूने शिष्याला जे दिले ते शिष्याला आधीपासूनच प्रिय होते, असा याचा अर्थ होतो. अदृश्य मार्गदर्शक येथे नवी आणि गुप्त विद्या घेऊन आलेला नाही. जे मनात होते आणि ज्याला आधार नव्हता, त्याला त्याने मान्यता दिली.

नामदेवांच्या स्वप्नाचा प्रसंग याहून वेगळा आहे. नामदेव (१२७०–१३५०) पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात, तुकोबांना स्वप्नातच जागे करतात आणि कवित्व करण्याचे काम सोपवितात. विठ्ठल मापाला हात लावून बसलेला आहे आणि थापटून सावध करतो आहे. शतकोटी अभंगांच्या संकल्पातील जे उरले ते तुकोबांनी पुरे करावयाचे आहे. येथेही माप आहे, मोजणी आहे, शिल्लक आहे. स्वप्नातील माणसाला झोपवून सुखात ठेवण्याऐवजी जागे करणारे हे स्वप्न आहे. त्यातील मार्गदर्शक कृपेबरोबर काम देतो, आणि तेही एका आयुष्यात संपण्यासारखे नाही असे काम देतो.

मानणे आणि न मानणे

वरील दोन्ही प्रसंगांचे स्थान तुकोबांच्या आयुष्यात कोणते, हे त्यांनी संतांच्या आग्रहावरून सांगितलेल्या आत्मचरित्रपर अभंगावरून कळते. या अभंगाचा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. आपली जात शूद्र, व्यवसाय वाण्याचा, आईवडिलांचा मृत्यू, दुष्काळात सर्वस्व गेले, एक पत्नी अन्नान्न करीत मेली, व्यवहारात तोटा आला, लाज वाटू लागली, असे एकेक आघात आधी येतात. नंतर भंगलेल्या देवळाची दुरुस्ती, एकादशीचे कीर्तन, संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरणे आणि शरीर कष्टवून परोपकार करणे येते. त्यानंतर आपण सत्य आणि असत्य यांच्या निवाड्यासाठी मनाला साक्षी केले व बहुमताला मानले नाही, असे तुकोबा सांगतात. आणि याच्या लगतच स्वप्नातील गुरूचा उपदेश मानला, असे विधान येते.

‘मानणे’ हे एकच क्रियापद येथे एकदा नकारात आणि लगेच होकारात आले आहे. लोकांचे बहुमत मानले नाही, स्वप्नातला उपदेश मानला. या दोन विधानांच्या जोडणीतून तुकोबांची भूमिका पूर्णपणे प्रकट होते. वरवर पाहता हा विरोध वाटेल. जागेपणी अनेकांनी सांगितलेले नाकारायचे आणि झोपेत एकाने सांगितलेले स्वीकारायचे, हे विवेकाला धरून कसे? पण या दोन्हींच्या आधी मनाच्या साक्षीचे विधान आहे. बहुमत नाकारणारे आणि स्वप्न स्वीकारणारे मन एकच आहे, आणि त्या मनाने सत्यासत्याचा निवाडा करण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतलेली आहे. स्वप्न झाले म्हणून तुकोबांनी विचार करणे सोडले असे नाही. विचारांती त्यांनी स्वप्न मानले.

गुरूने सांगितले म्हणून सत्य, हा क्रम येथे नाही. साक्षी मनाला जे सत्य वाटले तेच गुरूने सांगितले, असा क्रम आहे. आवडणारा मंत्र दिला या विधानाशी तो पूर्णपणे जुळतो.

अभंगाचा पुढील भाग या विवेचनाला बळकटी देतो. उपदेश मानल्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली, त्यानंतर निषेधाचा आघात झाला, चित्त दुखावले, वह्या बुडविल्या, धरणे धरून बसलो आणि नारायणाने समाधान केले, असे तुकोबा सांगतात. नामदेव आणि पांडुरंग यांनी सोपविलेले काम लोकांनी अडविले, त्या वेळी मी ते स्वप्नातील आज्ञेवरून करीत आहे एवढे उत्तर पुरे पडले नाही. स्वप्नाने अधिकार दिला, पण संरक्षण दिले नाही. वह्या पाण्यात गेल्या त्या खऱ्या वह्या होत्या.

बहिणाबाई : अनुग्रहाची किंमत

बहिणाबाईंचे आत्मनिवेदन हे मराठीतील स्त्रीने लिहिलेल्या आत्मपर लेखनाचे अत्यंत जुने व महत्त्वाचे उदाहरण आहे. जस्टिन अॅबट यांनी १९२९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा ते मराठीबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचले. वेरूळजवळील देवगावी जन्म, तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या वैदिक ब्राह्मणाशी विवाह, कुटुंबाची भ्रमंती आणि कोल्हापूर येथील वास्तव्य हा त्यातील पूर्वभाग आहे. कोल्हापुरात बहिणाबाईंना एका वासराचा विलक्षण लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या जात तेव्हा ते वासरूही मागे येई. स्वामींनी या मुलीचे आणि वासराचे कौतुक केले, ते लोकांच्या डोळ्यांवर आले आणि संतापलेल्या पतीने बहिणाबाईंना मारहाण केली. पुढे वासरू मेले व त्या दुःखात बहिणाबाई काही दिवस बेशुद्धावस्थेत होत्या. त्यानंतर कार्तिक वद्य पंचमी, रविवार या दिवशी तुकोबा स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला.

या प्रसंगाची तुकोबांच्या प्रसंगाशी असलेली समानता उघड आहे. तिथी आणि वार दोन्हीकडे आहेत, मस्तकावरील हात दोन्हीकडे आहे. पण फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. बाबाजींची आणि तुकोबांची पूर्वी ओळख नव्हती. नामदेव होऊन गेल्याला सुमारे तीनशे वर्षे झाली होती. बहिणाबाईंच्या स्वप्नात आलेले तुकोबा मात्र त्या वेळी देहूत हयात होते. कोल्हापूर आणि देहू यांच्यात दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर असले, तरी हा मार्गदर्शक परलोकातला नव्हता. तो फक्त न भेटलेला होता. मग तो त्यांच्यापर्यंत पोहोचला कसा? याचे उत्तर आत्मनिवेदनातच आहे. जयरामस्वामींच्या कीर्तनांतून ऐकलेली तुकोबांची पदे त्यांच्या मनात आधीपासून घर करून होती आणि त्यांच्या दर्शनाचा ध्यास त्यांना लागला होता. म्हणजेच माणसाच्या आधी त्याची वाणी आली होती. स्वप्नात आलेला गुरू हा ऐकलेल्या शब्दांतून घडलेला गुरू होता.

ही बाब तुकोबांनाही लागू पडते. नामदेव स्वप्नात येण्यापूर्वी तुकोबांनी संतांची वचने पाठ केलेली होती, हे त्यांनीच सांगितले आहे. अदृश्य मार्गदर्शक ज्या वाटेने येतो ती वाट भाषेची, पाठांतराची आणि कीर्तनाची आहे. मौखिक परंपरेत कवीचा शब्द त्याच्या देहापासून सुटून शेकडो मैल आणि शेकडो वर्षे प्रवास करतो. ऐकणाऱ्याच्या मुखात तो इतका रुजतो की एक दिवस तो शब्द बोलणारा माणूस समोर उभा राहतो. याला चमत्कार म्हणावे की मनोव्यापार, हे ठरविण्याआधी ते परंपरेचे कार्य आहे, हे मान्य करावे लागते.

स्वप्नानंतर जे घडले त्यातून खरा संघर्ष सुरू होतो. आम्ही वेदाध्ययन करणारे ब्राह्मण, आमच्या घरातील स्त्रीला शूद्राचा स्वप्नात उपदेश कसला, हा पतीचा आक्षेप होता. त्यांनी घर सोडून जाण्याचा निश्चय केला. पुढे ते आजारी पडले, त्यांचे मन पालटले आणि कुटुंब देहूला गेले, असे बहिणाबाई सांगतात. देहूतही मंबाजींचा छळ वाट्याला आला. ब्राह्मणाने शूद्राला गुरू मानणे हाच तेथेही वादाचा विषय होता.

मात्र बहिणाबाईंना आजच्या अर्थाने बंडखोर ठरविण्याची घाई करू नये. पती सोडून जाणार हे कळल्यावर त्यांनी पतिसेवेला सर्वोच्च धर्म म्हणणारे अभंगही रचले आहेत. पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील त्यांच्या ताणाकडे अॅन फेल्डहाऊस यांनी १९८२ मधील आपल्या लेखात लक्ष वेधले आहे. हा ताण स्वप्नाने सुटलेला नाही, उलट स्वप्नानेच तो तीव्र केला. गुरू स्वप्नात भेटला, पण पती, घर, जात आणि गावातील लोक जागेपणी तसेच होते.

या स्वप्नाचे दार्ष्टांतिक बहिणाबाईंच्या पुढील लेखनात सापडते. त्यांनी गुरुपरंपरेचा अभंग लिहिला व आदिनाथापासून निघालेली साखळी ज्ञानदेवांमार्गे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा आणि स्वतःपर्यंत आणली. या साखळीतील शेवटचे दोन सांधे स्वप्नाचे आहेत, तरी त्यांना वेगळे काढलेले नाही. वारकरी परंपरेला इमारतीची उपमा देऊन तिच्या पायापासून कळसापर्यंत एकेका संताची जागा सांगणारी प्रसिद्ध रचनाही परंपरेने त्यांचीच मानली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्राह्मण कोणाला म्हणावे हा प्रश्न उपस्थित करणाऱ्या वज्रसूची उपनिषदाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. शूद्राला गुरू का केले, या पतीच्या आणि मंबाजींच्या प्रश्नाला त्यांनी स्वप्नाचा हवाला देऊन उत्तर दिले नाही. त्यांनी युक्तिवादाने आणि शास्त्राधाराने उत्तर दिले. स्वप्नाने जो मार्ग दाखविला तो सिद्ध करण्याचे काम त्यांनी जागेपणी, बुद्धीच्या बळावर केले.

चरित्रकार, चित्रपट आणि समीक्षक

ज्या गोष्टी संतांनी संकोचाने व अपूर्णतेसह सांगितल्या, त्या पुढील काळात पूर्ण करून सांगण्याकडे कल वाढला. महिपती (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून संतचरित्रे घरोघरी पोहोचविली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु चरित्रकाराला कथा सलग हवी असते. तुकोबांनी अंदाजाने सांगितलेले चरित्रात घटना म्हणून येते. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या श्रेष्ठ चित्रपटाने तर माध्यमाच्या स्वभावानुसार अदृश्याला दृश्यच केले. विष्णुपंत पागनीस यांच्या अभिनयातील उत्कटता आजही मनाला भिडते. मात्र पडद्यावर चमत्कार सर्वांनाच दिसतो. अभंगात तो एकट्या तुकोबांना दिसलेला असतो, आणि त्या एकटेपणातच त्याचे मोल असते.

समीक्षकांपैकी गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांचा विचार साक्षात्काराच्या अंगाने केला आणि तुकोबांच्या व्याकुळतेची तुलना पाश्चात्त्य गूढवाद्यांच्या अंधाऱ्या रात्रीशी केली. दिलीप चित्रे यांच्या ‘पुन्हा तुकाराम’ (१९९०) या ग्रंथाने तुकोबांकडे आजचा कवी म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. डॉ. सदानंद मोरे यांच्या ‘तुकाराम दर्शन’ (१९९६) या ग्रंथाने महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील तुकोबांचे स्थान उलगडले. या तिन्ही दृष्टी आवश्यक आहेत. स्वप्नाच्या प्रश्नापुरते बोलायचे तर विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १९०२ च्या धार्मिक अनुभवांवरील ग्रंथात मांडलेला निकष उपयोगी पडतो. अनुभवाची परीक्षा त्याच्या मुळावरून करू नये, फळावरून करावी, असे तो म्हणतो. तथापि, जेम्सपर्यंत जाण्याची गरज फारशी उरत नाही. दार्ष्टांतिकाची कल्पना हेच काम आपल्या भाषेत पूर्वीपासून करीत आली आहे.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. स्वप्नात अधिकार मिळाल्याचे कोणीही सांगू शकतो. ते खोडून काढता येत नाही. तुकोबांचे स्वप्न मान्य केले, तर अंगात देव आल्याचे सांगून भोळ्या माणसांना लुबाडणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने नाकारणार? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अलौकिक शक्तीच्या नावाने होणारी फसवणूक आणि छळ रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. वर्गात तुकोबांचा गुरूपदेशाचा अभंग शिकविताना विद्यार्थी हाच प्रश्न विचारतो, आणि तो विचारणे योग्यच आहे.

याचे उत्तर तुकोबांच्याच गाथेत आहे. नवसाने मुले होत असतील तर पती कशाला करावा, असा रोखठोक सवाल करणारे तुकोबाच आहेत. शेंदूर फासलेल्या, बळी मागणाऱ्या क्षुद्र दैवतांचा त्यांनी कठोर उपहास केला आहे. शिष्यांच्या जिवावर पोट भरणाऱ्या गुरूंवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. स्वप्नातील गुरूला मानणारा आणि अंगात येणाऱ्या दैवताला झिडकारणारा कवी एकच आहे. म्हणजे अदृश्य शक्तींमध्ये भेद करण्याची कसोटी त्याच्यापाशी होती. त्याच्या व बहिणाबाईंच्या अभंगांवरून ही कसोटी पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिली गोष्ट, खरा मार्गदर्शक भय घालीत नाही. बाबाजींनी तूप मागितले, ते मिळाले नाही, तरी त्यांनी शाप दिला नाही, मंत्र दिला. दुसरी गोष्ट, तो साधकाच्या मनाची साक्ष रद्द करीत नाही, तिला बळ देतो. तिसरी गोष्ट, तो साधकाला काम देतो, आणि त्या कामाची किंमत साधक स्वतः मोजतो. तुकोबांनी वह्या बुडविल्या, बहिणाबाईंनी मार आणि छळ सोसला. ज्याला दृष्टांत झाला त्याने दुसऱ्यांकडून किंमत वसूल करावी, हे या दोघांच्याही बाबतीत घडलेले नाही. चौथी गोष्ट, स्वप्न हे वादातील अखेरचे उत्तर म्हणून वापरले जात नाही. ते सांगून झाल्यावर बोलणे थांबत नाही, पुढे अभंग आणि युक्तिवाद येतात.

या कसोटीवर भोंदू गुरू टिकणार नाही. तो भय घालतो, मनाची साक्ष गहाण ठेवायला लावतो, किंमत शिष्यांकडून घेतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवितो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) तुकोबा व बहिणाबाई यांच्या आत्मपर अभंगांतील अदृश्य मार्गदर्शक गुप्त ज्ञान देणारा नाही. साधकाच्या मनात आधीपासून असलेल्या ओढीला तो मान्यता देतो.

२) हा मार्गदर्शक पाठांतर, कीर्तन आणि मौखिक परंपरा यांच्या वाटेने येतो. नामदेव तुकोबांपर्यंत आणि तुकोबा बहिणाबाईंपर्यंत आधी शब्दरूपाने पोहोचले होते.

३) जन्माने, जातीने किंवा स्त्रीत्वामुळे ज्यांना धर्मसंस्थेने अधिकार नाकारला, त्यांना स्वप्नाने अधिकाराचा दुसरा आधार दिला. मात्र त्याने त्यांचे सामाजिक छळापासून संरक्षण केले नाही.

४) स्वप्न मानण्याचा निर्णय तुकोबांनी मनाला साक्षी ठेवून घेतला. बहुमत न मानणे आणि स्वप्नातील उपदेश मानणे ही एकाच विवेकाची दोन अंगे आहेत.

५) दृष्टांताची सत्यता दार्ष्टांतिकावर, म्हणजे त्यानंतरच्या जगण्यावर आणि लेखनावर ठरते. तुकोबांची गाथा हे त्यांच्या स्वप्नाचे दार्ष्टांतिक होय, आणि वज्रसूचीवरील अभंग हे बहिणाबाईंच्या स्वप्नाचे.

मार्ग शोधणाऱ्या माणसाला आपल्यापलीकडचे कोणी तरी हात धरून नेत आहे असे वाटणे, ही मानवी मनाची फार जुनी गरज आहे. ती गरज हसण्यावारी नेऊन संपत नाही आणि डोळे मिटून मानल्याने निर्मळही राहत नाही. संतांनी ती मानली, पण जागेपणीची जबाबदारी स्वप्नावर ढकलली नाही. पावशेर तूप द्यायचे राहून गेले, हे तुकोबांनी लपविले नाही. गुरूची सेवा घडली नाही ही खंत त्यांनी अभंगात तशीच ठेवली, आणि नामदेवांनी सोपविलेले माप ते आयुष्यभर भरीत राहिले.